पाठीवरचा मऊ गोळा

सुनेच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून मस्कतला आलेल्या आजीबाईंनी, मायलेकी इस्पितळातून घरी आल्याच्या चौथ्या दिवशी, दारसैतमधल्या तिसऱ्या मजल्यावरील न्हाणीघरात पाटावर बैठक मारली, पाय लांब केले, नातीला नडग्यांवर पालथे घातले आणि कोमट तेलाचा हात तिच्या मानेपासून खाली सोडला. कमरेच्या खाली, नितंबांमधली घळ जिथे सुरू होते त्याच्या जरा वर आणि मधल्या रेषेच्या किंचित डावीकडे, तो हात थांबला. अर्ध्या लिंबाएवढा एक उंचवटा बोटांखाली आला होता. दाबला तर दबत होता, सोडला तर पूर्ववत होत होता, आणि त्याच्यावरच्या कातडीवर फिकट गुलाबी डाग होता. पोर रडली नाही, तिने अंगही आखडले नाही. आजीबाईंनी तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि सुनेला हाक मारली, "अगं, इकडे ये जरा. हे बघ काय आहे ते." त्या दिवसापासून त्या जागी तेल नुसते लावले जाई, चोळले जात नसे.

शेजारी या नात्याने ही हकीकत माझ्या कानावर आली ती आठवड्याभराने, जवळच्या एका दवाखान्यातला सल्ला घेऊन ते लोक परत आल्यानंतर. "चरबीची गाठ आहे, काळजीचे कारण नाही, वर्षाची झाली की दिसायला बरे दिसावे म्हणून काढून टाकू, अर्ध्या तासाचे काम," असे त्यांना सांगण्यात आले होते. गाठ चरबीची होती हे खरे, आणि अशा गाठीपासून कर्करोगाचे भय नसते हेही खरे. परंतु त्या गाठीचे मूळ आत कुठवर गेले आहे, हा जो एकच प्रश्न विचारावयास हवा होता तो विचारला गेला नव्हता. सुदैवाने दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांनी तो विचारला, आणि एमआरआय झाल्यावाचून त्या गाठीला कोणीही सुरी लावू नये असे निक्षून बजावले. या दोन सल्ल्यांमधले अंतर एका मुलीच्या चालण्याइतके आणि तिच्या मूत्राशयावरील ताब्याइतके मोठे होते, हे मला पुढे कळले, आणि तेव्हापासून या विषयावर जे हाती आले ते मी वाचीत आलो व जे वैद्य भेटले त्यांना विचारीत आलो.

दंडावर, खांद्यावर, मानेवर चरबीच्या गाठी होणारी माणसे प्रत्येकाच्या परिचयाची असतात. त्या गाठींना वैद्यक 'लायपोमा' म्हणते, जुन्या शास्त्रीय मराठीत 'मेदार्बुद' म्हणत, आणि बहुधा त्या जन्मभर निमूटपणे जागच्या जागी राहतात. मज्जारज्जूशी निगडित असलेला लायपोमा हा त्याच कुळातला असला तरी त्याचे वर्तन निराळे. पाठीचे मणके नीट मिटलेले असताना मज्जारज्जूच्या आतच चरबी साठलेली आढळणे इतके विरळ, की मज्जारज्जूच्या साऱ्या गाठींमध्ये त्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी भरते. आणि ज्यात मणक्यांची मागील कमान उघडी राहून कातडीखालची चरबी थेट मज्जारज्जूपर्यंत पोहोचते तो प्रकार, जो या मुलीचा होता, तोही लाख जिवंत जन्मांमागे साधारण तीन ते सहा बालकांत आढळतो. त्या गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर आपल्या पोटावरच्या चरबीहून त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यांचा स्वभाव सौम्य आहे. त्या चुकीच्या जागी आहेत आणि त्यांनी ज्याला धरून ठेवले आहे ते सोडत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

ही चरबी तिथे गेली कशी, याचे उत्तर गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्यात शोधावे लागते, म्हणजे ज्या काळात पुष्कळ स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत याची वार्ताही नसते. त्या वेळी भावी मेंदू आणि मज्जारज्जू हा गर्भाच्या पाठीवरचा एक सपाट पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्ये पन्हळ तयार होते, आणि करंजीची पारी दुमडून कडा जुळवाव्या तशा त्या कडा एकमेकींना मिळून नळी तयार होते. कडा जुळल्या की भावी कातडी या नळीपासून अलग होऊन वरून मिटते, आणि नळी व कातडी यांच्या मधल्या जागेत हाडे, स्नायू व मेद यांचे मूळ असलेला पेशीसमूह येऊन बसतो. हा क्रम फार काटेकोर आहे. कातडी जर वेळेआधीच, नळी अद्याप उघडी असताना, अलग झाली, तर बाहेरचा तो पेशीसमूह उघड्या पन्हळीत शिरतो. नळी मग तेवढ्या भागात कधीच मिटत नाही, आणि आत शिरलेल्या पेशी तिच्या आतल्या पृष्ठाच्या सान्निध्यात मेदाचे रूप घेतात. आज बहुतेक तज्ज्ञ मानतात ते हेच स्पष्टीकरण. करंजी मिटण्याआधी सारण बाहेर यावे त्याच्या उलट, येथे बाहेरचे आत गेलेले असते, आणि पारीची कड व सारण ही एकमेकांत अशी मुरलेली असतात की एक कुठे संपते व दुसरे कुठे सुरू होते हे शोधणे हीच पुढे शल्यविशारदाची कसोटी ठरते.

पुढचा अनर्थ वाढीतून होतो. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या अगदी तळापर्यंत पोहोचलेला असतो; त्यानंतर कणा झपाट्याने लांब होतो आणि रज्जू मागे पडतो, म्हणजे कण्याच्या मानाने तो वर वर सरकत गेल्यासारखा होतो. जन्माच्या सुमारास त्याचे टोक कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याशी, आणि मोठेपणी पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी असते. त्याखाली उरतो तो मज्जातंतूंचा झुपका, ज्याला शरीरशास्त्रज्ञांनी घोड्याच्या शेपटीचे नाव दिले आहे. चरबीच्या खुंट्याला बांधलेल्या रज्जूला हे वर सरकणे साधत नाही. मूल वाढते, कणा लांबतो, आणि दावणीला बांधलेल्या जनावराची मान ताणली जावी तसा रज्जू ताणला जातो. या अवस्थेला 'बांधलेला मज्जारज्जू' हे नाव टोरोंटोच्या हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली रूढ केले. आणि १९८१ मध्ये शोकेई यामाडा यांनी प्रयोगांती असे दाखवले, की ताणलेल्या रज्जूतल्या पेशींना प्राणवायूचा वापर करून शक्ती निर्माण करणेच जड जाते. तंतू तुटत नाहीत. ते हळूहळू उपाशी पडतात. म्हणूनच वेळेवर सैल केलेला रज्जू सावरू शकतो, आणि वर्षानुवर्षे ताणलेला सावरत नाही.

या उपासमारीची लक्षणे इतकी संथ पावलांनी येतात की घरच्यांना ती दिसूनही दिसत नाहीत. एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा बारीक राहते. एक चप्पल लवकर झिजते. तळपायाची कमान अकारण उंच होत जाते. धावताना मूल एकाच बाजूला पडते. पाठीला बाक येतो, मोठ्या मुलांना कंबर व पाय दुखतात. परंतु सर्वांत आधी आणि सर्वांत गुपचूप बिघडते ते मूत्राशय. लघवी सांगायला शिकलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, तेव्हा त्याला रागे भरले जाते, आळशी ठरवले जाते, शाळेत चिडवले जाते, आणि हे सारे होत असताना त्याच्या मूत्रपिंडांवर दाब वाढत असतो. आपल्या घरांत लघवी-शौचाविषयी बोलण्याचा जो संकोच आहे, त्याची किंमत अशी मुले मोजतात, आणि ती फार जबर असते.

वैद्यकाला या गाठीची ओळख अलीकडची नव्हे. लंडनच्या विकृतिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात १८५७ साली ॲथॉल जॉन्सन यांनी एका बालकाच्या त्रिकास्थीवरील, मज्जारज्जूच्या आवरणांशी जोडलेल्या चरबीच्या गाठीची नोंद केली. आणि १८७६ साली विल्यम गॉवर्स यांनी, ज्यांचे नाव स्नायूंच्या आजाराच्या एका प्रसिद्ध लक्षणाला जोडलेले आहे, त्याच मंडळासमोर रज्जूतल्या स्नायू-मेदमिश्रित गाठीचे वर्णन केले. ही माणसे पाहत होती ती बहुतांशी सुरीने किंवा शवविच्छेदनाने. जिवंत बालकाच्या पाठीच्या आत काय आहे ते न उघडता पाहण्याची सोय त्यांच्याजवळ नव्हती, आणि पुढेही शंभर वर्षे, कण्यात औषध टोचून क्ष-किरण काढण्यापलीकडे ती फारशी सुधारली नाही.

आज ती सोय आहे, आणि तिचा आरंभ यंत्रापासून होत नाही, तो कातडीपासून होतो. कमरेच्या मधल्या रेषेवरचा मऊ उंचवटा, केसांचा झुपका, लालसर वा जांभळट रक्तवाहिन्यांचा डाग, छोटी शेपटीसारखी वाढ, किंवा आत जाणारे बारीक छिद्र, यांपैकी काहीही दिसले तर आत पाहिले पाहिजे; आणि दोन खुणा एकत्र आल्या तर संशय अधिकच बळावतो. केसांच्या झुपक्याला काही घरांत भाग्याची खूण समजतात. ती समजूत असो बापडी, पण तपासणी करून मग. उलट, ज्याने माता व्यर्थ घाबरतात अशाही दोन गोष्टी आहेत. नितंबांच्या घळीत, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत असलेली, पाच मिलिमीटरहून लहान, तळ दिसणारी खळी ही बहुधा निर्दोष असते. आणि आपल्या तसेच ओमानी बालकांच्या कमरेवर हमखास दिसणारे निळसर-करडे चट्टे हे केवळ वर्णाचे असतात व काही वर्षांत विरून जातात.

पहिल्या तीन-चार महिन्यांत निसर्ग एक खिडकी उघडी ठेवतो. मणक्यांच्या मागील कमानी तेव्हा कूर्चेच्या असतात, पुरत्या हाडाच्या झालेल्या नसतात, म्हणून साध्या सोनोग्राफीने, बाळाला भूल न देता, आईच्या मांडीवर पालथे असतानाच, रज्जूचे टोक कुठे आहे आणि ते श्वासाबरोबर व नाडीबरोबर मोकळेपणे हलते आहे की नाही, हे पाहता येते. बांधलेला रज्जू हलत नाही. पडद्यावरचा तो निश्चलपणा जाणत्या डोळ्याला लगेच कळतो. हाडे पक्की झाली की ही खिडकी मिटते. मग एमआरआय. चरबी या यंत्रात एका प्रकारच्या चित्रात चुन्यासारखी पांढरी दिसते, आणि चरबीची खूण मुद्दाम पुसणारी पद्धत वापरून तेच चित्र पुन्हा घेतले की तोच भाग काळा पडतो; अशी दुहेरी साक्ष मिळाल्यावर ती रक्ताची गाठ आहे की चरबीची, हा वाद उरत नाही. सीटी स्कॅनच्या मापात पाण्याला शून्य धरले तर चरबी उणे शंभराच्या आसपास येते, तीही साक्ष चालते, पण रज्जू आणि चरबी यांचा सांधा दाखवण्याचे काम एमआरआयचेच. याच्या जोडीला मूत्राशयात बारीक नळी घालून त्याचा दाब मोजण्याची तपासणी व्हावी लागते, कारण बोलता न येणाऱ्या मुलाचे मूत्राशय बिघडू लागले आहे हे सांगणारे दुसरे कोणी नसते.

ओमानसारख्या देशात हे सारे आज मिळते याचे महत्त्व ज्यांनी जुने दिवस ऐकले आहेत त्यांनाच कळेल. २३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा या मुलुखात आधुनिक वैद्यकाचा मुख्य आधार होता तो अमेरिकन मिशनच्या मत्रह येथील इस्पितळाचा. आज मिना अल फहल येथील खौला रुग्णालय हे मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियांचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि १९९० मध्ये उघडलेले सुलतान काबूस विद्यापीठाचे रुग्णालय अध्यापन व उपचार दोन्ही करते. या प्रगतीच्या कहाणीत आपल्याकडचा एक धागा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. १८७३ पर्यंत इराणी आखाताच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे दप्तर मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते आणि मस्कतच्या बाजारात रुपया चालत असे, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ज्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला भारतातील मेंदू-शल्यचिकित्सेच्या आधुनिक विभागाचा पाया घातला, ते त्याआधी बहारीनच्या मिशन इस्पितळात डॉ. पॉल हॅरिसन यांच्या हाताखाली काम करीत होते, आणि या शाखेकडे त्यांना वळवले ते हॅरिसन यांनीच, हे फारसे कोणी सांगत नाही. तेच हॅरिसन बहारीनपूर्वी मत्रहला राहून ओमानी रोग्यांवर शस्त्रक्रिया करीत असत. म्हणजे मुंबई-पुण्याचा एखादा न्यूरोसर्जन आज मस्कतला नोकरीवर येतो, किंवा ओमानी बाप आपल्या मुलाला घेऊन उपचारासाठी मुंबईला उतरतो, तेव्हा ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची ती देवाणघेवाणच पुढे चालू असते.

देश विस्तीर्ण आहे, तज्ज्ञ राजधानीत आहेत. सलालाहून मस्कत रस्त्याने हजार किलोमीटरच्या घरात पडते, आणि मुसंदमचा खसब तर अमिरातींच्या भूमीने मुख्य देशापासून तुटलेला आहे. म्हणून सारा भरवसा ठेवावा लागतो तो गावोगावच्या आरोग्य केंद्रांवर, जिथे लसीसाठी जवळजवळ प्रत्येक बालक येतेच. तिथल्या परिचारिकेने मांडीत सुई टोचण्यापूर्वी एकवार लंगोट खाली करून पाठ पाहिली, तर पुढची पंधरा वर्षे बदलू शकतात.

आता या गाठीचे करावयाचे काय, यावर मात्र जाणत्यांत आजही एकमत नाही, आणि वाचकापासून हे लपवणे मला योग्य वाटत नाही. ज्याला लक्षणे आहेत, ज्याची लक्षणे वाढत आहेत, त्याची शस्त्रक्रिया करावी, यात वाद नाही. तसेच रज्जूच्या शेवटच्या धाग्यात नुसती चरबी भरलेली असेल आणि तो धागा दोन मिलिमीटरहून जाड होऊन रज्जूला ओढीत असेल, तर तो कापणे हे तुलनेने छोटे व सुरक्षित काम आहे. वाद आहे तो रज्जूच्या टोकालाच चिकटलेल्या गाठीचा, आणि तोही अद्याप एकही लक्षण नसलेल्या बालकाच्या बाबतीत. पॅरिसच्या बालरुग्णालयातील मंडळींनी, ज्यांच्याकडे अशा रोग्यांची संख्या मोठी होती, २००४ साली आपला जमाखर्च प्रांजळपणे मांडला: लक्षणरहित ५३ मुलांना शस्त्रक्रिया न करता नुसते देखरेखीखाली ठेवले असता नऊ वर्षांत सुमारे ३३ टक्क्यांची प्रकृती ढासळण्याचा अंदाज निघाला, तर पूर्वी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली होती त्यांच्यात तो ४६ टक्के निघाला. म्हणजे अर्धवट काढलेली गाठ पुन्हा चिकटते आणि शस्त्रक्रियेचा लाभ गिळून टाकते. याला उत्तर म्हणून डॅचलिंग पँग यांनी २००९ व २०१० साली आपला अनुभव प्रसिद्ध केला: गाठ जवळजवळ पूर्णपणे काढून, उघडा पडलेला रज्जू पुन्हा नळीसारखा शिवून, भोवती पाण्याला ऐसपैस जागा ठेवली तर सोळा वर्षांनंतरही ८२.८ टक्के मुलांची प्रकृती ढासळत नाही.

दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. माझ्यासारख्या सामान्य वाचकाला त्यातून जे उमगते ते असे, की पूर्ण काढण्याची विद्या ज्या हातांत आहे त्या हातांनी ती लवकर करावी, आणि ते हात उपलब्ध नसतील तर डोळ्यांत तेल घालून पाहत थांबावे. अर्धी सुरी चालवणे हा मधला मार्ग दिसायला शहाणपणाचा, पण परिणामी सर्वांत वाईट. आणि सौंदर्यासाठी वरचा उंचवटा तेवढा छाटणे, आतला खुंटा तसाच ठेवून, याला तर कोणताही जाणता मान्यता देणार नाही. पुढे खरी शस्त्रक्रिया करणाऱ्याची वाट त्या व्रणाने अवघड होते.

दारसैतच्या त्या मुलीची शस्त्रक्रिया पाचव्या महिन्यात झाली. तिच्या शल्यविशारदांनी वडिलांना जे समजावून सांगितले, ते मी वहीत उतरवून घेतले होते. बालकाला पालथे झोपवून, भूल दिल्यावर, पायांच्या स्नायूंत आणि गुदद्वाराच्या वलयात बारीक सुया बसवतात, ज्यांच्या तारा एका संगणकापाशी जातात. कातडी आणि वरची चरबी बाजूला केल्यावर कमानीतल्या फटीतून आत जाणारा चरबीचा देठ दिसतो. जाड आवरण उघडले की सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्याधमक चरबीचा ढीग, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे मज्जातंतू, आणि जिथे चरबी रज्जूला मिळते तिथे एक पांढुरकी, चिवट, कागदाएवढी पातळ सीमा. ती सीमा सापडली तर काम सापडले. तिच्या वरून चरबी सोडवीत जायचे, तिच्या खाली कधी उतरायचे नाही. प्रत्येक संशयास्पद तंतूला विजेची सूक्ष्म सळई लावून पाहायची. संगणकाच्या पडद्यावर रेघ उसळली, चादरीखाली पायाचा अंगठा हलला, तर तो तंतू जिवंत आणि कामाचा, त्याला हात लावायचा नाही. पडदा शांत राहिला तरच पुढे. चरबी मऊ असली तरी ओढली की तंतूही ओढले जातात, म्हणून ती ध्वनिलहरींनी विरघळवून शोषून घेणाऱ्या उपकरणाने कण कण काढतात. सात तास. अर्ध्या तासाचे काम म्हणून सांगितलेले ते काम होते. नंतर पाठीतले पाणी जखमेतून पाझरू नये म्हणून त्या चिमुरडीला कित्येक दिवस पालथेच निजवावे लागले, आणि आईने जमिनीवर उताणे पडून, वर पलंगाच्या कडेवरून डोकावणाऱ्या लेकीला हसवले.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे प्रकरण मिटले असे नाही. वाढीच्या प्रत्येक उसळीत, विशेषतः वयात येताना, रज्जू पुन्हा चिकटून ताणला जाण्याचा संभव उरतो. म्हणून मेंदू-शल्यविशारद, मूत्ररोगतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ आणि व्यायामोपचार करणारे यांची देखरेख मोठेपणापर्यंत चालू ठेवावी लागते. ज्यांचे मूत्राशय आपसूक रिकामे होत नाही त्यांच्यासाठी जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली रूढ केलेला उपाय आजही सर्वांत उपकारक आहे: दर काही तासांनी स्वच्छ हातांनी बारीक नळी घालून लघवी काढणे. ऐकताना क्रूर वाटते. परंतु याच साध्या नळीने जगभर असंख्य मुलांची मूत्रपिंडे वाचवली आहेत, आणि सात-आठ वर्षांची मुले ते स्वतःचे स्वतः, दात घासावेत तितक्या सहज करतात. परदेशी नोकरी करणाऱ्या आपल्या कुटुंबांची अडचण निराळी असते: करार संपतो, विमा बदलतो, मुक्काम हलतो. अशा वेळी एमआरआयच्या तबकड्या, शस्त्रक्रियेचा वृत्तांत, मूत्राशयाच्या दाबाचे आलेख हे दस्तऐवज पासपोर्टइतक्याच जपणुकीने बरोबर न्यावेत. मागचे चित्र हाती नसेल तर पुढच्या चित्रावरून बिघाड झाला की नाही हे कोणीही सांगू शकत नाही.

प्रौढांविषयी थोडे. काहींच्या छातीमागच्या वा मानेतल्या रज्जूत अशी चरबी जन्मापासून असते आणि तिशी-चाळिशीत पाय जड होऊ लागेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही. ही चरबी शरीराच्या इतर चरबीसारखीच वागते, म्हणजे वजन वाढले की तीही फुगते, आणि वजन घटवल्यावर ती आकसल्याची उदाहरणे आहेत. याहून वेगळी अशी एक अवस्था आहे, जिच्यात गाठ नसून रज्जूच्या आवरणाबाहेरची नेहमीची चरबीच अति वाढून दाब आणते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणि अतिस्थूल माणसांत ती आढळते, आणि पुष्कळदा औषध कमी करून व वजन उतरवून ती सुरीवाचून आटोक्यात येते.

गरोदरपणात काही चुकले का, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. ओमानने १९९६ च्या सुमारास गव्हाच्या पिठात लोह आणि फॉलिक ॲसिड मिसळावयास सुरुवात केली. त्यापूर्वी हजार प्रसूतींमागे दोनाहून अधिक बालके उघड्या कण्याची जन्मत; दहा वर्षांत हे प्रमाण हजारी एकच्या बरेच खाली आले. एका सरकारी हुकुमाने इतके दुःख टळल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि दिवस राहण्यापूर्वीपासून ती गोळी प्रत्येकीने घ्यावीच. परंतु चरबीच्या या गाठीचे मूळ वेगळ्या चुकीत आहे, आणि कॅनडात केलेल्या पाहणीत फॉलिक ॲसिडने तिचे प्रमाण घटलेले दिसले नाही. तेव्हा जिच्या बाळाला ही गाठ आहे त्या आईने गोळी चुकली, ग्रहण पाळले नाही, जड उचलले, अशी कोणतीही टोचणी मनाला लावून घेऊ नये. तिच्या हातून काही घडलेले नाही.

ती मुलगी आता चार वर्षांची आहे. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा थोडा लहान आहे, म्हणून रुवीच्या दुकानातून दोन मापांचे दोन जोड घ्यावे लागतात. बाकी ती धावते. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी लंगोट किती वेळ कोरडा राहतो याची नोंद ठेवावयास सांगितली होती, तेव्हा आजीबाईंनी, साताऱ्याला दुधाचा हिशेब मांडायच्या सवयीने, स्वयंपाकघरातल्या 'कालनिर्णय'च्या तारखांच्या चौकटींत पेन्सिलीने रेघा ओढायला आरंभ केला: ओल्या लंगोटाला एक रेघ, आणि बाजूला वेळ. त्या परत गेल्यावर सुनेने ते व्रत चालू ठेवले. परवाच्या वार्षिक तपासणीला आई ती पानेच घेऊन गेली. दाबाच्या तपासणीची तयारी करणारी ओमानी परिचारिका ती पाने उलटू लागली. तिथी-नक्षत्रांच्या त्या गर्दीतून तिने रेघा मोजल्या, पाच-पाचांच्या जुड्या करून आपल्या कागदावर उतरवल्या, आणि एका चौकटीतल्या ९ वर बोट ठेवून आईकडे पाहिले. तिच्या स्वतःच्या लिपीतला नऊही जवळजवळ तसाच दिसतो. "आमच्याकडे या अंकांना हिंदी अंक म्हणतात," ती म्हणाली, आणि पुढच्या महिन्याचे पान मागून घेतले.